मतलई आहे तोवर

लवू, पहाटे निघताना चहा नको.
दुधाचा नको, कोराही नको.
पोटात गुडगुडलं की माणूस हलतो,
आणि हललेला माणूस भेकराला
वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसतो.
विडीचं बंडल माझ्या उशाशी ठेवून जा.
परत आलास की मोजून देईन.

बंदूक रिकामी देतोय. सड्यावर पोचलास की भर.
दारू शिंगातून, दोन मापं, तिसरं नाही.
वर सोडणाचा काथ्या, मग छर्रे, पुन्हा काथ्या.
गज मारताना तोंड नळीवर आणायचं नाही.
ही माझी भुवई बघ. कळलं?
केप सगळ्यात शेवटी, बूड टेकल्यावर.

लाडांच्या कलमांचा गडगा संपला
की शिवणीचं एकटं झाड आहे.
खाली फुलं पडलेली असतील, पिवळी, दवाने जड.
ती खायला येतं ते.
तू झाडाच्या समुद्राकडच्या अंगाला बस,
करवंदीच्या जाळीत, पाठ जांभ्याला लावून.
पहाटे मतलई वाहते, डोंगराकडून दर्याकडे.
त्याचा वास तुला येईल असं नाही,
पण तुझा त्याला जाणार नाही, एवढं बास.
मतलई आहे तोवरच आपली पारध.
ती पडली, पान हलेनासं झालं,
आणि मानेवर खारट गार लागलं, की ऊठ.
झाडाखाली दहा भेकरं असली तरी ऊठ.
(असणार नाहीत.)

आणि ते भुंकतं, हे कोणी सांगितलंय का?
थेट कुत्र्यासारखं. हसू येईल, दाबून ठेव.
आवाजावर बार टाकायचा नाही.
बुधाजी घाडीने टाकला होता, स्वतःच्याच पाडीवर.
त्याच्या नातवाला अजून
पाडीमाऱ्याचा म्हणून हाक मारतात.
शिंगं दिसू देत. शिंगं नसतील तर नळी खाली.
मग नुसतं बघत बस, त्याला परवाना लागत नाही.

आता सांगतो ते तुझ्या काकीलाही माहीत नाही.
माझी पहिली पहाट. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान होतो.
नर होता. दिसला, आणि बोट आपलं आपणच वळलं.
छर्रे मागच्या पायात बसले असणार.
गवतावर रक्त, पैशाएवढं, पुढे ढब्बू पैशाएवढं.
म्हटलं, ऊन होऊ दे, मग शोधू.
खरं म्हणजे शोधायला भ्यालो.

ते घाटी उतरून पुळणीवर गेलं.
खाली रापण ओढत होते.
माणसांच्या मधून वाट काढून
पोटापर्यंत पाण्यात जाऊन उभं राहिलं.
लाट आली की मान वर करायचं.
साठ माणसं, हातात दोर, कोणी ओढेना.
तारली सुटून चाललेली,
आणि तांडेल ओरडला नाही.
पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
तेव्हापासून घरची मासळी आणायला मीच जातो,
आणि भाव करत नाही.

तर, लागलं आणि पडलं नाही, तर मागे जायचं.
लगेच धावू नकोस, एक पान चघळून होईल एवढं थांब.
मग जा. करवंदीत, खाजणात, ते नेईल तिथे.
हाक मारलीस तर मीही येईन, या गुडघ्यांनिशी.

पडलं तर पहिला वाटा रवळनाथाचा,
दुसरा खालच्या वाडीत, तांडेलाच्या घरी.
का, ते त्यांना सांगायचं नाही.

आणि काहीच दिसलं नाही
तर तोंड पाडून येऊ नकोस.
बार हवेत काढून नळी मोकळी कर,
येताना गडग्यालगतच्या काजूचे चार बोंडू आण,
पिकलेले, लाल नव्हेत, पिवळे.
काकीला मीठ लावून आवडतात.