जुलैचं बिल

गेल्या जुलैत एकसष्ट डॉलर.
या जुलैत एकशे एकोणीस.
मीटर तोच, एसी तोच, मीही तोच,
रात्रभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढून
सकाळी आठला पडदे ओढणारा.

मधे फक्त मार्चमधला एक मंगळवार गेला.
नारिंगी जॅकेटातले तिघं आले,
खोडावरची फुली त्यांनी पुन्हा एकदा पाहिली
आणि जेवणाच्या सुट्टीआधी
माझ्या खिडकीतलं ॲशचं झाड
भुशासकट ट्रकमध्ये गेलं.
लवंगेएवढा हिरवा किडा, म्हणाले. आतून पोखरतो.
मी झोपेत होतो. वाटलं, शेजारी कुणी मिक्सर लावलाय.

होतं तोवर मी त्याच्याकडे
झाड म्हणून पाहिलंच नव्हतं.
दुपारी दोनची माझी रात्र
कुणीतरी पानापानानं विणून देत होतं,
हे बिलावर कुठे छापतात?
थंडीत तर ते आपणहून उघडं व्हायचं,
ऊन थेट गादीपर्यंत येऊ द्यायचं;
मी हीटर एक घर खाली आणायचो
आणि स्वतःला काटकसरी समजायचो.

आता सेंट लुईसच्या या लाल विटा
दिवसभर ऊन पितात.
रात्री दहाला कामावर निघताना भिंतीला हात लावला
तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखी.

वरच्या मजल्यावरची सेनादा एसी लावत नाही.
परवडत नाही असं म्हणत नाही, आवाज होतो म्हणते.
जिन्याच्या सर्वात खालच्या पायरीवर बसते,
पाय टबात सोडून.
कॉफीचा इवलासा कप पुढे करत एकदा म्हणाली,
"साराजेव्होत, वेढ्याच्या हिवाळ्यात,
रस्त्यावरची झाडं आम्हीच तोडली.
शाळेसमोरचं लिंडन चार दिवस पुरलं.
ओलं होतं. ऊब कमी, धूरच जास्त."
मग बराच वेळ
बोटांनी टबातलं पाणी हलवत राहिली.

पालिकेनं त्याच जागी नवं रोप लावलंय.
दोन काठ्यांना बांधलेलं, पायाशी पाण्याची पिशवी,
माझ्या खांद्याएवढं.
काल त्याची सावली मोजली:
एक सायकल, तीही अर्धी.
तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला वीस वर्षं तरी.
माझा भाडेकरार ऑक्टोबरात संपतो.

सेनादा टबातलं पाणी आता मोरीत ओतत नाही.
ड्यूटीला निघताना मी दार धरून उभा राहतो,
ती टब सांभाळत, थोडं सांडत,
रस्त्यापर्यंत जाते.