एकच दिवस असेल तर

कुंदा शेवटी घे, पिशवीत तूप सुटतं.
आधी दुसऱ्या गेटात अडक थोडा,
मालगाडी जाईस्तोवर
अर्धं बेळगाव शेजारी येऊन थांबतं,
कुणीतरी विचारतंच, कुणाचा रं तू?

किल्ल्यात कमल बस्तीखाली उभा राहा,
मान दुखेस्तोवर.
दगडाचं कमळ, उलटं.

मग येळ्ळूरची बस.
पाटी कन्नडात असते, उगी घाबरू नको,
“गडाला जाती काय?” म्हण.
कंडक्टर नुसती मान हलवतो.

राजहंसगडावर वारा टोपी मागतो, देऊ नको.
पायऱ्यांशी बाळव्वा काकडी चिरते,
पैसे कन्नडात मोजते,
तिखट किती ते मराठीत विचारते,
आणि माकडाला कुठल्या भाषेत हाकलते
ते अजून मला कळलेलं नाही.

खाली भाताची खाचरं. बासमती होती म्हणे पूर्वी,
वास गल्लीभर.
तू म्हणशील, हद्द कुठाय, दाखव की.
मीही विचारलं होतं, सात वर्षांचा असताना.
भरमू मामानं बोट वर केलं,
बराच वेळ तसंच धरलं,
मग त्याच बोटानं कान खाजवला.

चल, उतरू. शेवटची बस चुकली
तर चालायला लागंल.
आणि कुंदा राहिलाय.