तिसरं पान

त्बिलिसीत अजून उजाडलेलं नाही.
कळसूत्री बाहुल्यांना हात न लावता
नातेला आधी वही उघडते.

लिहिते : गुडघा. गॅसचं बिल.
वरच्या मजल्यावरचा गिओ पुन्हा खुर्च्या ओढतोय.
सुचत नाही. सुचत नाही. सुचत नाही.
दीड पान नुसतं हेच,
अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

मग, कोटाची चेन
कालपासून मध्येच अडकलीय,
धड उघडत नाही, धड मिटत नाही

पेन थांबतं.

महिनाभर तोंडाविना लटकलेला म्हातारा राजा
खुंटीवरून बघतोय.

ती उठते, कात्री शोधते,
ऐन थंडीत कोट उसवायला घेते.
तिसरं पान कोरंच.

वर खुर्ची सरकते.
राजानं घसा खाकरल्यासारखी.