एकशे दहा मिनिटं

पहाटे चार. तुर्कू. उणे अकरा.
इल्पो शिशाचं भांडं माझ्या गाडीत ठेवतो,
तान्ह्या बाळाला बांधावं तसा पट्टा आवळतो
आणि कागदावर वेळ लिहितो, सेकंदांसकट.
आत अंगठ्याएवढी बाटली. बाटलीत पाण्यासारखं पाणी.
दर एकशे दहा मिनिटांनी त्यातलं निम्मं
कोणी न पिता संपतं.

मला यातलं शास्त्र कळत नाही.
सव्वीस वर्षं याच रस्त्याने मासळी नेली, बर्फात पुरून.
माशाला निदान वास येतो,
उशीर झाला की तो सांगतो.
हे काहीच सांगत नाही.

इल्पो म्हणतो, वाटेत जे जाणार
ते धरूनच आम्ही जास्त भरतो.
फेरीबोटीचा खोळंबा धरून, धुकं धरून,
रस्त्यात आडवा उभा राहिलेला एल्क धरून.

माणसात कोण भरतं असं, आधीच हिशेब करून?

आज नऊ वाजता गुनवोरबाई आहेत.
नाव मला कळायला नको, पण बेट एवढंसं. कळतं.
चाळीस वर्षं त्यांनी होडीने टपाल वाटलं;
कुठल्या धक्क्याची कितवी फळी कुजलीय, तोंडपाठ.
परवा स्वतःच्याच दाराशी उभ्या होत्या,
हातात स्वतःच्याच नावाचं पाकीट,
विचारत होत्या, ही बाई राहते कुठे?

हे पाणी त्यांच्या शिरेत सोडतील.
ते मेंदूत हिंडेल, एकेक दार ठोठावेल,
गाळ साचलाय तिथे चिकटून बसेल.
पडद्यावर उजळलं, तर वाईट.
उजेडाला भिणारी माणसं
मी फक्त त्या व्हरांड्यात पाहिलीत.

फेरी सतरा मिनिटं उशिरा. तरी पुरलं.

निघताना कालचं रिकामं भांडं उचललं,
तर समोर त्याच, लोकरीच्या मोज्यांत:
"टपाल ना? आण इकडे. तू चुकशील."
दिलं. खालून माझा हात तसाच ठेवून.
ओठ हलवत त्यांनी कागद वाचला.
"यावर नुसती वेळ आहे. नाव नाही."
मी गप्प.
"असलं टपाल मी परत नेत नाही," म्हणाल्या,
"दारोदार विचारते."