टिचकी

आमच्याकडे प्रेशर गेज बनतात.
हडपसरला, इस्टेटच्या मागच्या गल्लीत,
पत्र्याची शेड, अकरा माणसं, वर मोकाशीसाहेब.
बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर
जी पांढरी तबकडी नि काळा काटा दिसतो
तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा असतो.
कधीमधी आमचा.

मी डिस्पॅचला. चलनं, खोकी, चिकटपट्टी.
खोकं बंद झालं की जबाबदारी तुमची, तापकीरबाई.
खोकं उघडलं तरी माझीच.

गुरुवार म्हणजे आमचा रविवार.
मार्चात तोही गेला.
चाकणच्या पार्टीनं दोनशे नग परत पाठवले
आणि रात्री पावणेबाराला ग्रुपवर आलं:
उद्या सगळे. कारणं नकोत.
सगळ्यांनी वाचलं.
अंगठा फक्त नव्या पोरानं दाखवला,
त्याला वाटलं दाखवायचा असतो.

त्या महिन्यात
नफिसा कंगव्यातले केस मोजायची
आणि सकाळी आकडा सांगायची, प्रॉडक्शन सांगावं तसा.
ओंबासे डबा उघडायचा, बघायचा, लावून टाकायचा.
मला गाडीतळावर बस दिसली की पोटात गोळा,
नाही दिसली तर मोठा गोळा.
आणि शिक्का आणायला केबिनमध्ये गेले
तेव्हा साहेबांच्या खणात बघितल्या मी
ॲसिडिटीच्या गोळ्या, रिकामी पाकिटंसुद्धा जपून ठेवलेली.

मग ताणतणावाच्या एक बाई आल्या.
डोळे मिटा, समुद्र बघा, म्हणाल्या.
आम्ही बघितला.
समुद्राला बारा तारखेची डिलिव्हरी नव्हती.
डोळे उघडले तर पाऊण तास गेलेला,
तो भरून काढेस्तोवर साडेआठ वाजले.

टेस्टिंगला ढमढेरेकाका. टेबलावर वजनं रचतात,
तेल चढतं, काटा चढतो,
आणि वाचायच्या आधी काचेवर एक टिचकी.
अडकलेला असतो गं कुठंतरी, म्हणतात,
हलवल्याशिवाय खरं बोलत नाही.

परत आलेल्या दोनशेतला एक
त्यांनी दाराशी खिळ्याला टांगला.
ना नळी, ना जोड, नुसता हवेत.
तरी काटा तीनवर.
येताजाता आम्ही टिचकी मारायचो.
तीन.
ओंबासे म्हणायचा, साहेब आले वाटतं.
तेवढंच हसू, दिवसाला एक.

एकदा खरंच आले.
दिवे घालवायच्या वेळेला, चपला हातात घेतल्यासारखे हळू.
मी खोक्यांच्या मागे होते.
त्यांनी टिचकी मारली. पुन्हा मारली.
"काका, हा शून्यावर का येत नाही?"
काका हात पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.
"रेंजच्या वर दाबला कुणीतरी, साहेब.
फुटला नाही.
म्हणून कुणाला कळलं नाही."

साहेब काही बोलले नाहीत.
शेडमध्ये कॉम्प्रेसर स्वतःशी फुसफुसला,
रात्री करतो तसा.
मग ते म्हणाले, "बँकेचा हप्ता..."
आणि वाक्य तिथंच ठेवून गेले.

आता काय सांगू, सगळं सुधारलं असं?
गुरुवार परत मिळाला.
चाकणला तारीख वाढवून मागितली, त्यांनी दिली,
मागता येते हे बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.
ग्रुप आठनंतर गप्प. सात दिवस.
आठव्या रात्री मेसेज आला, आणि मी बघेपर्यंत
"हा मेसेज डिलीट केला आहे."
त्यात काय होतं यावर नफिसा अजून पैज लावते.

आज गुरुवार. दुपार.
चादरी वाळत घातल्यात, भाजी निवडून झाली,
फोन उपडा, आवाज बंद.
कुणी काही मागत नाहीये.
आणि मी दर दहा मिनिटांनी फोन उलटून बघते.

छातीवर, बरोबर मध्ये,
एक टिचकी मारून पाहिली.
थांबा.
वाचते.