सातव्या प्रकरणापर्यंत

यादीत तीन पुस्तकं होती.
एक नऊशे पानांचं, उचललं की मनगट बोलायचं.
दुसरं पहिल्याच ओळीत म्हणत होतं, घाबरू नका.
अकरा वर्षं वॉर्डात मीही तेच म्हणत आले
सुई टोचण्याआधी,
म्हणून ते परत फळीवर ठेवलं.

तिसरं मिळालं डंडीत, पर्थ रोडवर,
जुन्या पुस्तकांच्या दुकानात, साडेसहा पौंडांना.
आवृत्ती दोन पिढ्यांमागची.
'सरासरी काढायची रीत काही बदललेली नाही,' दुकानदार म्हणाला.
आत निळ्या शाईत नाव: आयला मॅक्रे.
मी तिथेच फिसकन हसले.
त्या भल्या माणसाला कसं सांगणार,
तुमच्याकडे पोरींचं ठेवतात ते नाव
आमच्याकडे बोटावर हातोडी बसली की तोंडातून निघतं.

खिडकीतून टे नदी. साडेतीनलाच दिवे.
हीटर तासभरच लावायचा असं ठरवलेलं,
तेव्हा शाल, आणि मांडीवर पुस्तक,
मांजरासारखं जड, मांजरासारखंच बेपर्वा.

आयला समासात बोलते.
प्रमाण विचलनाशेजारी: 'सगळे इतके का पांगलेत?'
मध्यकापाशी: 'हा आमचा मधला भाऊ.
टोकाचे कितीही भांडोत, जागचा हलत नाही.'
चौथ्या प्रकरणात घंटेसारख्या आलेखावर
चहाच्या कपाचा गोल डाग, नेमका मधोमध.
पान एकशे बारावर तिचं उत्तर एक,
पुस्तकामागे छापलंय दुसरं.
मी तीनदा केलं. माझं तिसरंच येतं.

शून्य गृहीतक मात्र लगेच कळलं.
काही फरक पडत नाही, असं धरून चालायचं.
आमचे आण्णा जन्मभर तेच धरून चालले.
आणि 'नाकारता आलं नाही' म्हणजे 'मान्य' नव्हे,
हे ज्या घरी एकदा पोहे झालेत
त्या घरच्या मुलीला कोण शिकवणार?
'कळवतो' म्हणून गेले ते लोक.
नकार नव्हता तो.
पुरावा अपुरा होता, एवढंच.

सातवं प्रकरण, पान एकशे अठ्ठ्याऐंशी.
समासात अर्धं वाक्य: 'पण मग जे मध्येच'
आणि पुढे काही नाही.
शेवटच्या कोष्टकापर्यंत समास कोरे.
पानं उजेडाला धरून पाहिली,
पेन्सिलीचा दाबसुद्धा नाही.

नापास झाली? नोकरी लागली? नवी आवृत्ती घेतली?
वॉर्डात असती तर फाईल मागवली असती.

अकराव्या प्रकरणात अशांसाठी एक खूण आहे.
आडव्या रेघेवर बारीक उभी काडी.
मेली, असं नव्हे. बरी झाली, असंही नव्हे.
इथपर्यंत होती, इथपर्यंत पाहिली,
आणि पाहिली तेवढी मोजायची. टाकायची नाही.

साताऱ्याला आम्ही लाल शाईत लिहायचो, 'आली नाही'.
दर सोमवारी. महिनाअखेरीला
ती नावं बेरजेतून गाळायचो,
आकडा स्वच्छ दिसायचा.
गोदूबाई शेलार सहा सोमवार आली होती.
चप्पल दाराबाहेर काढून यायची,
नको म्हटलं तरी.
सहा.
कुठेच धरले नाहीत ते आम्ही.

बराच वेळ हीटर लावायचंही सुचलं नाही.
मग एकशे अठ्ठ्याऐंशीवर, तिच्या अर्ध्या वाक्यापुढे,
पेन्सिलीने एक उभी काडी मारली.
आणि पान उलटून आठव्याच्या समासात मराठीत लिहिलं,
पुढच्या साडेसहा पौंडांना कळो न कळो:

आयला, टी-टेस्ट काही अवघड नाही गं.

खोटंच.
सुई टोचण्याआधीचं.