बद्द

ग्यिरोकास्तरच्या चढावर आमची फर्म:
एक पिकअप, मागचा दिवा फुटलेला,
माणसं चार, आणि पाचवी मी,
बिलं, विमा, लाकूडवाल्याची उधारी बघणारी.

छपरं आम्ही दगडाची घालतो.
करड्या फरश्या, एकीवर एक,
ना खिळा ना चुना,
नुसतं वजन.

नेइम उस्ता फरशी गुडघ्याला टेकवायचा,
मागून डावा पंजा लावायचा
आणि हातोडीनं ठोकायचा, एकदाच.
खणखणीत वाजली की छपरावर.
बद्द वाजली की खाली, पायवाटेला.
सांगायचा काही नाही.
बेस्निक आणि त्याचा मावसभाऊ
तीन उन्हाळे शेजारी बसून ऐकत राहिले.
चौथ्यात उस्ताच्या आधी त्यांच्याच माना हलू लागल्या.

मी वही काढली होती, सगळं लिहून ठेवायला.
जाडी किती?
पुरेशी.
भेग दिसत नाही, मग कळते कशी?
तो माझ्या ओठांकडे बघत राहायचा जरा वेळ,
मग म्हणायचा, पाव आणलास का?
लपवतोय म्हातारा, मी म्हणायचे.
सोबत घेऊन जाणार.

मार्चमध्ये विमेवाल्यांनी तपासण्या मागितल्या.
कागद माझ्याच टेबलावर आला:
दोन्ही कान. वीस-एक वर्षांपूर्वीच गेलेले.
खाणीतले सुरुंग, असं खाली पेननं.

मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं:
मग ठोकतोस कशाला?
त्यानं माझा हात ओढला, फरशीमागे दाबला,
ठोकलं.
तळव्यातून मनगटापर्यंत
एक मुंगी सरळ चालत गेली.
दुसरी फरशी.
मुंगी अर्ध्यात वाट चुकली.

पोरं तर आवाजावरून ओळखतात, मी लिहिलं.
त्यानं ते दोनदा वाचलं.
म्हणाला, अजून वाजतात होय त्या?

कागद मी फाईलला लावला. कुणाला बोलले नाही.

परवा खालच्या गल्लीत कुणाचा तरी जनरेटर धडधडत होता,
हाक मारलेली ऐकू येईना.
बेस्निक नव्या पोरीला शिकवत होता, ओरडून:
कान दे, नीट कान दे!
डावा पंजा फरशीमागे, सपाट.
तो कशाला, तिनं खुणेनं विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
उस्ता असंच धरायचा.
मग ठोकलं, त्या गोंगाटात,
आणि मान हलवली:
बद्द.